अकरा नंबरचं कार्ड, सव्वीस नंबरचं कार्ड

अन्वी आणि निहार,

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर अन्वी म्हणाली होती, "आजी, तुझी पहिली नोकरी रेडिओवर होती ना? मला शाळेसाठी लिहून दे. फनी काहीतरी." मी शिस्तीची बाई. दुसऱ्याच दिवशी समास सोडून, मुद्दे पाडून चार पानं लिहून काढली. त्यात तीन गमती होत्या. पहिल्या दोन साध्याच होत्या. तिसरी मात्र माझी हुकमी. तुमच्या आजोबांना, तुमच्या आईला, पुढे बँकेतल्या मैत्रिणींना मी ती इतक्या वेळा सांगितली आहे की कुठे थांबलं की लोक हसतात, तेही मला पाठ झालं होतं.

आठ दिवसांपूर्वी मला कळलं की ती गंमत नव्हती. ती चार पानं मी फाडली. हे दुसरं लिहिते आहे. शाळेत देण्यासारखं हे नाही, पण तुमच्याकडे असावं. आईला वाचून दाखवायला सांगा. तिला म्हणावं, घाई करू नकोस, जिथे आजी थांबली आहे तिथे थांब.

इथे मार्च आला आहे. आमच्या गल्लीत तो समोरच्या शाळेच्या फाटकावर येतो. भिंतीला बैठक क्रमांकांचे कागद लागतात, मुली घाबऱ्या बोटांनी त्यावर आपला आकडा शोधतात, कुणाची तरी आई दह्यासाखरेचा डबा घेऊन मागे धावते. साडेदहाला मुलं आत जातात. मग पालकांना काय करावं कळत नाही. सावली फक्त आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी. म्हणून परीक्षेच्या दिवसांत मी खाली सहा खुर्च्या मांडते, पाण्याची स्टीलची टाकी भरून ठेवते. बरीच वर्षं हे चाललं आहे. यंदाचं शेवटचं. दिवाळीनंतर बिल्डिंग पाडणार, रिडेव्हलपमेंट. घरात सगळीकडे खोकी आहेत. अर्धी मी भरलेली, अर्धी तुमच्या आईने फोनवरून रागावून भरून घेतलेली.

सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्या खुर्च्यांवर पडतात. मी त्या झाडून काढते, तोवर पुन्हा पडतात. असाच एक मार्च मला आठवतो. त्यात पाकळ्या सुरंगीच्या होत्या.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. पार्ल्यात वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली, इंग्रजी घेऊनच बी.ए. झालेली. माझी थोरली बहीण कोकणात एका तालुक्याच्या गावी राहायची. तिचं पहिलं बाळंतपण होतं म्हणून मी मदतीला गेले, ती पाच महिने राहिले. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांची ही गोष्ट आहे ती माणसं अजून तिथे आहेत.

गावात नुकतंच छोटं रेडिओ केंद्र झालं होतं. सड्यावर, म्हणजे वर जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, एकटी पांढरी इमारत. खालून चढ इतका खडा की भाजीवालीसुद्धा दोनदा टेकायची. तिथे हंगामी निवेदिका हवी होती. बहिणीच्या यजमानांनी माझं नाव सुचवलं, मी चाचणी दिली, पंधरा दिवसांत मी आत होते.

त्या खोलीचा वास मला अजून येतो. जाड जाजमाचा, कोंडलेल्या थंड हवेचा, तापलेल्या यंत्राचा. दोन जड दारं एकामागोमाग. दुसरं लागलं की बाहेरचा वारा, कावळे, सगळं एकदम कापल्यासारखं बंद. भिंतीवर मोठं घड्याळ, त्याचा सेकंदकाटा न थबकता फिरणारा. लाल दिवा लागला की आपला श्वाससुद्धा आपला राहत नाही, तो बंदरापासून डोंगरापर्यंत ऐकू जातो. पहिल्या दिवशी मी "सात वाजून दहा मिनिटं झाली आहेत" एवढंच म्हणाले. घरी आले तर बहीण म्हणाली, समोरच्या काकांनी तुझ्या आवाजावर घड्याळ लावलं. मला त्या वाक्याची नशाच चढली होती.

मला शिकवलं सामंतसरांनी. ते तिथले जुने निवेदक. पान खायचे, पण पाळी असली की चार तास आधी बंद. त्यांचं एक वाक्य: "हजार माणसांशी बोलू नको गो. एका बाईशी बोल. ती भाकऱ्या थापता हा, हात पिठात आहेत, रेडिओ बंद करूक उठू शकत नाही. तिला त्रास होता नये."

दुपारी साडेबाराला फर्माईशीची गाणी असायची. त्यासाठी पोस्टकार्डं यायची, आठवड्याला तीस-चाळीस. काहींना सुक्या मासळीचा वास, काहींवर खोबरेल तेलाचं बोट उठलेलं. एका कार्डावर एकच ओळ होती, "कोणतेही गाणे लावा पण नाव माझे घ्या." लोकांना गाणं हवं असायचंच, पण त्याहून आपलं नाव हवं असायचं. वाडीतल्या मुलीचं नाव लग्नपत्रिकेशिवाय कुठे छापून येत नसे. इथे ते हवेतून यायचं.

ती नावं कशी वाचायची याचा सामंतसरांचा नियम होता. नाव, गाव, थांबा. पुढचं नाव, गाव, थांबा. तोच गाव परत आला तरी परत म्हणायचा. "मधे 'आणि' म्हणायचा नाय," त्यांनी बजावलं. "एका घरातली माणसं असतील तरच 'आणि'."

मी विचारलं, "का, सर?"

"तू मुंबईची. तुला नाय कळायचा."

मला ते लागलं. उत्तर येत नसलं की माणसं असं म्हणतात, हा माझा तेव्हाचा समज. शिवाय मला ती पद्धत ओबडधोबड वाटायची. कातळवाडी, थांबा, कातळवाडी, थांबा. आम्हाला शाळेत इंग्रजीच्या बाईंनी शिकवलं होतं की यादीत आधी स्वल्पविराम, शेवटच्या नावाआधी 'अँड'. त्याशिवाय वाक्य संपल्यासारखं वाटत नाही. मी मराठी बोलायचे, पण वाक्याची इस्त्री इंग्रजी असायची.

शिमग्याला सामंतसर आठ दिवस गावी गेले. फर्माईशीचा कार्यक्रम माझ्याकडे आला. मी काय केलं असेल, तुम्ही ओळखालच. आलेली कार्डं मी गावाप्रमाणे लावली. एका गावाची माणसं एकत्र, गावाचं नाव एकदाच, शेवटच्या नावाआधी 'आणि'. त्या आठवड्यात मी खूश होते. खिडकीबाहेर काजूच्या बोंडांचा आंबूस वास, खालून पालखीच्या ढोलांचा आवाज. मी रोज घरी येऊन बहिणीला विचारायचे, "आज ऐकायला छान वाटलं ना? गुळगुळीत?"

आता तिसरी गंमत. जशी मी सांगायचे, तशीच लिहिते.

शिमग्याच्या त्याच आठवड्यात एक मुलगा सायकल घेऊन सडा चढून आला. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, केसांत लाल धूळ. पहारेकऱ्याने बाहेर थांबवलं तर म्हणाला, रेडिओवर बोलतात त्या बाईंना भेटायचंय. मी ऐटीत बाहेर आले. मला वाटलं, सही हवी असेल. तो म्हणाला, "बाई, परवा तुम्ही माझं नाव घेतलंत. ते कार्ड मला बघायचं आहे."

मी म्हटलं, "कार्डं बाहेरच्यांना दाखवत नाही."

"मग लिहून द्या. दोन कार्डं होती, एवढं लिहून द्या."

"कशाला?"

तो खाली बघत म्हणाला, "फार गरजेचं आहे, बाई. परीक्षा आहे."

इथे मी थांबायचे. मग माझा तेव्हाचा आवाज काढून म्हणायचे, "लेखी अर्ज करा. अर्जात गाण्याचं नाव, दिनांक व कारण नमूद करा." लोक हसायचे. परीक्षेत रेडिओचं कार्ड कोणत्या विषयाला लागतं, असं आजोबा दर वेळी विचारायचे, की पुन्हा हशा. मुलगा बराच वेळ उभा राहिला, मग सायकल हातात धरून उतारावरून चालत गेला. उतार असून सायकलवर बसला नाही, हेही मी विनोद म्हणून सांगायचे.

परीक्षा कुणाची, हे मी त्याला विचारलं नाही. पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. ती चार पानं लिहितानाही नाही.

मागच्या आठवड्यात दहावीचा इंग्रजीचा पेपर होता. मी खाली गेटपाशी होते. एका बाबांनी विचारलं, "घंटा झाली काय हो?" मी मनगटाकडे बघून म्हटलं, "दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली आहेत." एवढंच. हे वाक्य मी आयुष्यभर असंच म्हणते, तुम्ही दोघं त्याची नक्कल करता.

टोकाच्या खुर्चीवर एक बाई बसली होती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, काठापदराची सुती साडी, मांडीवर नातीची शाळेची बॅग. विक्रोळीहून आली होती. तिने मान वर केली. माझ्याकडे नाही, माझ्या आवाजाच्या दिशेने पाहिल्यासारखं केलं.

"ताई, तुम्ही कधी रेडिओवर होता काय?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. इतक्या वर्षांनी श्रोता भेटला. मी गावाचं नाव घेतलं, म्हटलं, "पाचच महिने होते. तुम्ही ऐकायचात?"

तिने नातीची बॅग छातीशी धरली. मग ती सावकाश बोलली. आवाज तिचा, लय माझी. जिथे मी श्वास घेतला असता तिथे श्वास घेऊन.

"कातळवाडीहून, कुमारी शालिनी धुरी आणि दत्ताराम परब."

मग म्हणाली, "शालिनी धुरी मी."

माझ्या हातात पाण्याचा पेला होता. तो मी टाकीवर ठेवायला गेले, तो हवेतच ठेवला. पेला खाली पडून गेटपर्यंत गडगडत गेला. कुणीतरी उचलून आणून दिला. शालिनी हलली नाही.

"नऊ दिवसांवर माझी दहावी होती," ती म्हणाली. मुंबईत आयुष्य गेलेलं, बोलणं इथलंच, मधेच एखादा शब्द तिकडचा. "माझे वडील नाक्यावर चहाला बसलेले. दुकानात रेडिओ. पंधरा माणसं. गाणं पण असं, तू नि मी, चांदणं-बिंदणं. माझे वडील उठून घरी आले. हॉल तिकीट मागितलं. मला वाटलं, नंबर बघायचा असेल. मी आणून दिलं. त्यांनी चुलीत घातलं."

मी पेला टाकीवर ठेवला.

"मारलं नाही हां. बोट नाही लावलं. चुलीत घातलं, पाणी प्यायले, परत चहाला गेले. शिमगा संपल्यावर मला आत्याकडे विक्रोळीला धाडलं. पुढच्या वर्षी लग्न. नवरा चांगला होता. कंपनीत होता. वाईट नाही झालं माझं. मी पाळणाघर काढलं, तीन मुलं दहावी केली, आता सिद्धी आत बसली आहे पेपराला." तिने शाळेकडे बोट दाखवलं. "पण ह्या सगळ्यांच्या पेपरांना मीच येते. सुनेला सांगते, तू कामाला जा, मी बसते बाहेर. मला बाहेर बसायचं चांगलं जमतं."

हे ती हसून म्हणाली. मी तिच्याजवळ बसले. सहावी खुर्ची मोकळी होती.

मी विचारलं, "तुम्ही कार्ड पाठवलं होतं?"

"मीच. चोरून. एकदा नाव ऐकायचं होतं आपलं. आमच्या घरात टपाल वडिलांच्या हातातून जायचं. म्हणून बाजूच्या दत्ताला दिलं, तो सायकलने कॉलेजला जायचा तालुक्याला. म्हटलं, पेटीत टाक. विश्वासाने दिलं. त्याने माझ्या नावाखाली आपलं नाव लिहिलं." तिने बॅगेचा पट्टा सरळ केला. "तो म्हणत होता, नाही लिहिलं, माझं कार्ड वेगळं होतं. कोण ऐकतो? रेडिओवर सांगितलं ना. रेडिओ खोटं बोलतो काय?"

दत्ताराम तिच्या वाडीत अजून आहे. लग्न झालं, मुलं झाली, नारळाचा व्यापार करतो. दोन्ही घरं शेजारी. मधून विहिरीकडे जाणारी वाट होती. शिमग्यानंतर शालिनीच्या वडिलांनी त्या वाटेवर गडगा घातला, म्हणजे दगडावर दगड रचून छातीएवढी भिंत. वडील गेले. आता भाऊ आहे, तो दर पावसाळ्यानंतर पडलेले दगड परत लावतो. "आमच्याकडचा गणपतीचा प्रसाद त्यांच्याकडे जात नाही. मी माहेरी गेले की तो ओटीवरून उठून आत जातो. मी पण तोंड फिरवते. माझं वर्ष खाल्लं त्याने. वर्ष कसलं, सगळंच."

अन्वी, निहार, त्या वेळी मी गप्प बसू शकले असते. मला हे तुम्हाला लिहून ठेवलंच पाहिजे. तिला माझ्यावर राग नव्हता. तिच्या हिशेबात मी कुठेच नव्हते, मी नुसता आवाज होते, कार्डावर लिहिलेलं वाचणारा. एवढा वेळ ती माझ्याशी एखाद्या जुन्या ओळखीच्या बाईशी बोलावं तशी बोलत होती. घड्याळात साडेअकरा झाले होते. दोन वाजता सिद्धी बाहेर आली असती, दोघी विक्रोळीला गेल्या असत्या, पुढचा पेपर मी दुसऱ्या बाजूला बसून काढला असता. मी सत्तरीला आले आहे. मला खरोखरच वाटलं की उठून वर जावं व पेपर संपेपर्यंत खाली येऊच नये.

वर गेले मी. पण वही आणायला.

मला वह्या टाकता येत नाहीत, हे तुमच्या आईचं दुखणं. निळ्या पुठ्ठ्याची ती वही तीनच दिवसांपूर्वी मी 'जपून ठेवणे' असं लिहिलेल्या खोक्यात घातली होती. रोज आलेल्या कार्डांची मी तीत नोंद ठेवायचे. रकाने आखलेले. क्रमांक, नाव, गाव, गाणं, कार्ड आल्याचा वार. केंद्राला त्याची गरज नव्हती, मला होती. खाली येऊन मी तिच्यासमोर पान उघडलं. तिने चष्मा काढून दुसरा लावला, बोट ठेवत वाचलं.

अकरा. कु. शालिनी धुरी, कातळवाडी. सोमवार.

मग बोट खाली खाली गेलं, दुसऱ्या गावांवरून, दुसऱ्या गाण्यांवरून.

सव्वीस. दत्ताराम परब, कातळवाडी. गुरुवार.

पानाच्या कडेला माझं बावीस वर्षांचं टपोरं अक्षर होतं: 'गावाप्रमाणे क्रम लावला. ११ व २६ एकत्र. ऐकायला बरं वाटतं.'

"दोन कार्डं होती," मी म्हटलं. "तुमचं तुमचं होतं, त्याचं त्याचं. मी एकापुढे एक ठेवली. मधला शब्द माझा आहे. कार्डावर नव्हता."

तिने तोंडावर हात ठेवला. नंतर हाताआडून बोलली, तेव्हा सगळी विक्रोळी गळून पडली होती. "काय सांगतास तुमी?"

मी सगळं सांगितलं. सामंतसरांचा नियम, शिमग्याची रजा, शाळेतल्या बाईंचा 'अँड'. सांगताना मलाच ऐकवेना. इतकी क्षुल्लक कारणं. कुणी दुष्टपणा केला असता तर सांगायला तरी काही असतं. मी नीटनेटकेपणा केला होता. शेवटी मी सायकलवाल्या मुलाचं सांगितलं. हे तिला माहीत नव्हतं. वाडीत कुणालाच माहीत नव्हतं.

"तो आला होता? तुमच्याकडे?"

"हो. 'दोन कार्डं होती, एवढं लिहून द्या' म्हणाला. परीक्षा आहे म्हणाला. मला वाटलं, त्याचीच."

"त्याची कुठली? त्याची एप्रिलात असायची, कॉलेजची." ती बोलली तेव्हा दोघींनाही एकदमच ते पूर्ण कळलं. मग म्हणाली, "कशावर आला होता?"

"सायकलवर."

"सड्यावर? तो चढ सायकलने कोणी चढत नाही."

"घामाघूम झाला होता."

"मग तुम्ही काय म्हणालात त्याला?"

हे वाक्य मी किती वेळा अभिनय करून म्हटलं असेल. त्या दिवशी ते तोंडातून निघेना. "लेखी अर्ज करा म्हणाले."

रस्त्यावरून शहाळ्यांची हातगाडी गेली. कुणीतरी खुर्ची मागितली, मी उठून दिली. मी उभ्यानेच माफी मागायला सुरुवात केली, तर तिने हात वर करून थांबवलं. "ते नको, ताई. मी घेऊन काय करू? हॉल तिकीट येणार आहे? मला पंचेचाळीस वर्षं शिव्या द्यायला एक माणूस होता. आता कोणाला देऊ, तुम्हाला? तुम्ही पाणी वाटता." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "सव्वीस नंबर. म्हणजे त्याने माझं कार्ड पेटीत टाकलं, मग घरी जाऊन स्वतःचं लिहिलं. तेच गाणं. मला सांगायचं तरी मेल्याने."

दोन वाजता सिद्धी बाहेर आली, पेपर सोपा होता म्हणाली. आजीचे डोळे बघून घाबरली. शालिनी तिला म्हणाली, "काही नाही गं. रेडिओ ऐकत होते."

जाताना तिने वहीच्या पानाचा फोटो काढून घेतला, भावाला पाठवायला. संध्याकाळी तिचा फोन आला. "तो म्हणतो, वहीत काय, कोणीही लिहील. मला पण तेच वाटलेलं तो म्हणेल. ताई, रेडिओवर सांगितलं होतं ना तुम्ही? मग रेडिओवरच सांगा."

रेडिओ आता कुठून आणू? पण तिला काय हवं होतं ते मला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोमट पाणी प्यायले. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, खोक्यांच्या मधोमध खुर्ची ठेवून बसले. खोकी आवाज शोषतात. ते जाजम, ती जड दारं आठवली. फोनवरचा लाल ठिपका लागला, अगदी पहिल्या दिवशीच्या लाल दिव्यासारखा. तीनदा पुसून चौथ्यांदा जमलं. ते असं होतं:

"नमस्कार. पंचेचाळीस वर्षांपूर्वी शिमग्याच्या दिवसांत, फर्माईशीच्या कार्यक्रमात निवेदिकेकडून दोन श्रोत्यांची नावं चुकीने जोडून वाचली गेली. ही चूक निवेदिकेची होती. तिची दुरुस्ती करण्यासाठी नावं पुन्हा वाचत आहोत. कार्ड क्रमांक अकरा. कुमारी शालिनी धुरी, कातळवाडी."

इथे मी थांबले. घड्याळाकडे बघून पूर्ण पाच सेकंद.

"कार्ड क्रमांक सव्वीस. दत्ताराम परब, कातळवाडी."

पुन्हा पाच सेकंद.

"दत्ताराम परब यांनी केंद्रावर येऊन ही चूक त्याच आठवड्यात लक्षात आणून दिली होती. तिची दखल घेतली गेली नाही."

शालिनीने ते भावाला पाठवलं, वाडीच्या ग्रुपवर टाकलं. तिथे नव्वद माणसं आहेत. नाक्यावरच्या त्या दुकानात पंधरा होती. भावाचं उत्तर आलेलं नाही. त्याने ऐकलं आहे, एवढं दोन निळ्या खुणांवरून दिसतं. दत्तारामकडे स्वतःचा फोन नाही. त्याच्या मुलाने ऐकवलं, मग मुलाच्या फोनवरून त्याचा निरोप आला. म्हातारा, खरखरीत आवाज. मागे कोंबडं ओरडत होतं. तो म्हणाला, "बाई, नावं सांगितलात. गाणा खंय?"

हे ऐकून शालिनी फोनवर हसली की रडली, मला सांगता येणार नाही. मी फोन बराच वेळ कानाला धरून बसले होते. ज्याला मी विनोद समजत होते तो एका मुलीला वाचवण्याचा एकमेव प्रयत्न होता. तो माझ्या दारापर्यंत, चढ चढून, वेळेत आला होता. नऊमधले सात दिवस तरी शिल्लक होते, तेवढ्यात शाळेतून दुसरं हॉल तिकीट निघालं असतं. माझ्याकडे वही होती, पेन होतं, केंद्राचा शिक्का टेबलावर होता. दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो?

सामंतसर रजेवरून आल्यावर कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. त्यांनी मला फक्त विचारलं होतं, "'आणि' म्हटलंस?" मी हो म्हटलं. ते खिडकीबाहेर बघत उभे राहिले, मग म्हणाले, "जा, पाणी पी." मला वाटलं, भाषेच्या बारीकसारीक गोष्टींवरून रुसले. मी मनात हसले होते.

काय उरलं आहे ते आता नीट लिहिते, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर तुम्हाला सांगता येईल. कार्डं उरलेली नाहीत, दर महिन्याला ती रद्दीत जायची. हॉल तिकीट नाही. सामंतसर नाहीत. वाडीतला गडगा काल दुपारपर्यंत होता, शालिनीने विचारून घेतलं. निळी वही आहे. ती खोक्यातून काढून मी टेबलावर ठेवली आहे, नव्या घरीही ती वरच राहील. आवाज आहे. सिद्धीचे अजून तीन पेपर आहेत. पेपरच्या दिवशी साडेदहाला मी सहा खुर्च्या मांडते, त्यांतल्या दोन सोनमोहराखाली जरा बाजूला ओढते. तिथे दोन वाजेपर्यंत बसतो, शालिनी आणि मी.